भोंगा आक्काचा गुडघा

भोंगा आक्काला हळू बोलता येत नसे. तिची इच्छा असे, प्रयत्नही असे. गुपित सांगायचं झालं की ती आधी दाराबाहेर डोकावून बघे, मग दार लोटून घेई, पदर तोंडाशी धरी, माझ्या कानाजवळ येई, आणि मग जे बोले ते गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाई. मी तिच्या माडीवर भाड्याने राहायला आले त्याच आठवड्यात तिने मला असंच जवळ ओढून सांगितलं, "टीचर, कुणाला सांगू नको. समोरच्या सुमनच्या लेकीला मंगळवारी बगाय येनार हाईत." तेवढ्यात समोरच्या घरातून सुमनवहिनींचा आवाज आला, "मंगळवारी न्हाय आक्का, बुधवारी!" आक्काने त्यांच्या दिशेने मान डोलावली, माझ्याकडे वळली, पुन्हा पदर तोंडाशी धरला आणि म्हणाली, "बुधवारी गं."

आमची गल्ली सीमाभागातल्या वडगावातली, विणकरांची. घरोघरी विजेवरचे माग. सकाळी माग सुरू झाले की सगळ्या गल्लीत खटाक-खट, खटाक-खट असा एकच आवाज भरून राही. त्या आवाजात जन्म काढलेली माणसं मुळातच मोठ्याने बोलतात. घसा बसला की खुणांनी बोलतात, आणि समोरच्याचे नुसते ओठ बघून तो काय म्हणतो ते ओळखतात. अशा गल्लीतही जिला भोंगा हे नाव पडावं, तिचा आवाज कसा असेल याचा अंदाज करा. आक्का दिसायला एवढीशी, वाळलेली, केसांत कायम सुताची कुसं अडकलेली. आपल्याला काय नाव पडलंय हे तिला ठाऊक होतं. "भोंगा वाजला की मानसं कामाला लागत्यात," ती म्हणे, "वाईट काय हाय त्यात?"

मी खानापूरच्या पलीकडची, कणकुंबीच्या वाटेवरच्या एका गावातली. आमच्याकडे पावसाळ्यात पाण्याचा आणि बेडकांचा आवाज, बाकीच्या वर्षात तोही नाही. शाळा जवळ म्हणून मी वडगावात खोली घेतली खरी, पण पहिल्या दिवसापासून मागांच्या आवाजाने डोकं उठलं. आक्काला माझी तक्रार समजेचना. तिच्या मते माग बंद असला की माणसाला झोप लागत नाही. सुट्टीत गावी गेले तर खरंच मला झोप लागली नाही. परत येऊन हे तिला सांगितलं, तर तिने त्याच आनंदात गल्लीभर जाहीर केलं की टीचर आता आमची झाली.

तिला बाजारात नेणं ही एक परीक्षाच होती. एकदा खडेबाजारात एका दुकानात आम्ही साड्या बघत बसलो होतो. दुकानदार एक साडी उलगडून ती थेट बेंगळूरहून आल्याचं सांगत होता. आक्काने पदर तोंडाशी धरला. मी डोळ्यांनी विनवलं, पण उपयोग झाला नाही. "टीचर, ही साडी आमच्या मागच्या गल्लीत इनलेली हाय. ह्यो बेंगळूर म्हनतोय." दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांनी हातातल्या साड्या खाली ठेवल्या. दुकानदाराने घाईघाईने आमच्यासाठी चहा मागवला. चहा पिताना आक्का मला म्हणाली, "बरं झालं, मी हळूच बोललो."

हे 'बोललो' वाचून दचकू नका. आमच्या भागात बायकाही येतो, जातो, आलतो, गेलतो असंच म्हणतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आक्काला गुडघेदुखी होती. तिचे मालक वारल्यावर ती काही महिने निपाणीला बहिणीकडे जाऊन राहिली होती; तिथल्या कुणा वैद्याकडे गुडघ्यावर उपचार घेतले, असं ती सांगे. तेव्हापासून गल्लीत कुणी "आक्का, बरी हाईस न्हवं?" असं विचारलं की ती लगेच पाय ओढत चालू लागे. सुमनवहिनी तिच्यासाठी निर्गुडीचं तेल काढून देत. अडचण एवढीच होती की दुखणारा गुडघा कोणता ते काही केल्या ठरत नव्हतं. सकाळी डावा पाय ओढला जाई, संध्याकाळी उजवा. मी विज्ञानाची शिक्षिका, मला हे खटकल्याशिवाय कसं राहील? मी एकदा विचारलंच. "दुकनं फिरतंय गं," आक्का शांतपणे म्हणाली, "वात हाय न्हवं, वाऱ्यासारखाच फिरनार."

असे दिवस मजेत चालले असताना एक दिवस माझंच चाक निखळलं.

सातवीच्या वर्गाला मी श्वसनसंस्था शिकवत होते. फळ्यावर फुप्फुसांचं चित्र काढून झालं, वळून पोरांकडे बघितलं, आणि काही कारण नसताना छाती धडधडू लागली. हात कापायला लागले. घसा आवळून आला. आपण आता इथेच, या पोरांसमोर मरणार अशी माझी खात्री पटली. फुप्फुसांच्या चित्रापुढे उभं राहून विज्ञानाच्या बाईंना श्वास घेता येऊ नये, याचं आज मला हसू येतं. त्या दिवशी आलं नाही. मी खडू टेबलावर ठेवला आणि वर्ग अर्ध्यावर सोडून निघून आले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत गेले, आणि फाटकातून आत पाऊल काही पडेना.

हृदयाच्या डॉक्टरांनी हृदय ठणठणीत असल्याचं सांगून मला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते भले गृहस्थ होते. त्यांनी घरचं विचारलं, आईचं विचारलं. आई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. तिचं दुखणं काढण्यात आणि नंतरचं सगळं निस्तरण्यात मी इतकी गुंतले होते की रडायचं राहूनच गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हा भीतीचा आजार आहे, बरा होतो. गोळ्या घ्या, श्वासाचे व्यायाम करा, भीती आली की पळू नका, ती जशी येते तशी जाते. आणि कुणाशी तरी मोकळं बोला. मी सगळ्याला हो म्हटलं, घरी आले, शाळेत रजा टाकली आणि गल्लीत सांगितलं की मला पित्त झालंय.

पित्ताइतकं सोयीचं दुखणं नाही. ते कुणालाही होतं, कुणी संशय घेत नाही, आणि कुणी नावं ठेवत नाही. तोटा एवढाच की त्यावरचा उपाय प्रत्येकाला ठाऊक असतो. सुमनवहिनी रोज दुपारी तांब्याभर कोकमाचं सरबत आणून देऊ लागल्या. गिरणीवाल्यांच्या घरून जिऱ्याचं पाणी आलं. कुणी कोरफड आणली, कुणी धने. आक्काचा या कशावरच विश्वास नव्हता. तिने मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, आणि त्या खकाण्याने मी शिंकून शिंकून बेजार झाले तेव्हा समाधानाने म्हणाली, "बगितलंस, केवडी नजर हुती!"

मी हसून सगळ्यांचं घेत होते आणि आतून पोखरत चालले होते. रजेचे दिवस सरत होते. रजा संपल्यावरही वर्गात उभं राहता आलं नाही तर पुढे काय, या विचाराने अन्न गोड लागत नव्हतं. नोकरीचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की मला शिकवण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं, आणि आवडतही नव्हतं. पोरांसमोर उभी राहणारी ती बाई गेली तर मागे उरलेलीचं मी करणार काय?

गोळ्या मी हिंगाच्या डबीत लपवल्या होत्या. हिंगाच्या डबीत कोण हात घालणार? आक्का. तिला कढीला फोडणी द्यायची होती आणि घरातला हिंग संपला होता. मी अंघोळीहून येऊन बघते तर ती माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी गोळ्यांची पट्टी हातात धरून उभी. आता ही बोलणार आणि गिरणीपर्यंत ऐकू जाणार. पण आक्का बोलली नाही. तिने पट्टी परत डबीत ठेवली, झाकण लावलं, माझा हात धरला आणि मला जिना उतरवून खाली मागांच्या खोलीत नेलं. चारही माग चालू होते. कानठळ्या बसत होत्या. तिथे उभं राहून तिने माझ्या कानाला तोंड लावलं आणि पूर्ण ताकदीने ओरडली, "ह्या गोळ्या मनाच्या हाईत न्हवं?"

मी मान हलवली.

"आनि पित्ताचं खोटं?"

मी पुन्हा मान हलवली.

"मला वाटलंच हुतं. गोळ्या सोडू नको. जरा बरं वाटलं की मानूस मदीच सोडतंय, तसं करायचं न्हाय. डॉक्टर सांगंल तवाच सोडायच्या. कळलं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आक्काला गुपित राखता येतं. त्यासाठी तिला फक्त चालू माग लागतात. या गोळ्या कसल्या हे तिला कसं कळलं, असा प्रश्न मनात आला होता. टीव्हीवर बघितलं असेल, असं म्हणून मी तो सोडून दिला.

दुसऱ्या दिवसापासून तिने मला खाली कामाला बसवलं. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायचं. "नुसतं वर बसून इचार करत बसशील, त्यापरीस हितं बस." मागापाशी उभी असताना आक्काचे ओठ सतत हलत. इतके दिवस मला वाटायचं, बाई भजन म्हणते. आता जवळ बसल्यावर मी नीट बघितलं. भजनात इतकं दात-ओठ खाणं नसतं. जेवणाच्या सुट्टीत माग थांबले तेव्हा मी विचारलं, आणि ती "थांब" अशी खूण करून जेवत राहिली. माग पुन्हा सुरू झाल्यावर सांगू लागली.

"शिव्या घालतो. सकाळी मालकाला. मला एकटीला टाकून गेला म्हनून. दुपारी धाकट्या दिराला. मदी येळ मिळाला तर देवीला बी. मागाच्या आवाजात देवीला तरी काय ऐकू येतंय? भ्याचं काय कारन न्हाय. सगळं भाईर पडतंय आनि कुनाला लागत बी न्हाय. तू बी घाल."

मी पहिल्या दिवशी मागासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "मला हल्ली थोडं अस्वस्थ वाटतं." आक्काला ओठ वाचता येत होते. तिने कपाळावर हात मारला. "अर्ज लिवतीस काय?"

हळूहळू मला जमू लागलं. मी निवडणुकीच्या ड्युटीला शिव्या घातल्या. शिकवायच्या वेळेत माहिती मागवणाऱ्या ऑफिसाला घातल्या. दर फोनला माझ्या लग्नाचं काढणाऱ्या गावाकडच्या वहिनीला घातल्या. माझा शिव्यांचा साठा फार लहान होता. आक्काने तो वाढवला. काही कानडी होत्या. त्यांचा अर्थ मी आजवर कुणाला विचारलेला नाही. एका दुपारी मात्र शिव्या देता देता तोंडातून "आई" एवढाच शब्द निघाला, आणि मग मी त्या खटाक-खटात मोठमोठ्याने रडले, लहान मूल रडतं तशी. आक्काने माझ्याकडे बघितलंही नाही. ती एक तुटलेला धागा सांधत होती आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ सांधत राहिली.

रात्रीची झोप परत आली, भूक लागू लागली. पण शाळेचं नाव काढलं की घसा आवळायचाच. रजा संपायला आठवडा राहिला होता. त्या दुपारी मी चिडूनच मागापुढे गेले. आता माझा राग दुसऱ्या कुणावर नव्हता, माझ्यावरच होता. मी डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि पोटातून ओरडले, "मला पित्त झालेलं नाही! मी भित्री आहे! मला वर्गाची भीती वाटते! सातवीच्या..."

आणि करंट गेला.

ज्याने मागांची गल्ली बघितलेली नाही त्याला करंट जाणं म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. एक माग थांबत नाही, सगळेच थांबतात. एका क्षणात अशी शांतता पसरते की कुणाच्या तरी अंगणातली कोंबडी पाय खाजवताना ऐकू येते. आमच्याकडे बोलता बोलता करंट गेला की माणूस सवयीने तोंड मिटतो. लहान पोरांनाही ते कळतं. मी बाहेरची. माझे डोळे मिटलेले. मी "सातवीच्या पोरांची भीती वाटते मला!" हे सगळं त्या शांततेत ओरडले, आणि वर आणखी एकदा म्हटलं, "पित्त नाही हो, भीती!"

डोळे उघडले तर करंट गेल्यावर सगळी गल्ली जशी बाहेर येते तशी आलेली होती. दारात सुमनवहिनी, हातात कोकमाचा तांब्या. पलीकडे गिरणीवाले. ट्रक चालवणारे शेजारचे परशूभाऊ. सगळे माझ्याकडे बघत होते. संध्याकाळच्या आत सामान बांधायचं आणि ही गल्ली, ही शाळा, हे गाव सोडायचं, एवढंच मला सुचत होतं. हे सगळं माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार, कारण आक्काने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या सगळ्यांकडे बघितलं, आणि ती उंबरा ओलांडून गल्लीत जाऊन उभी राहिली.

"काय बगतासा?" ती म्हणाली. शांतता होती, पण आवाज मागातलाच होता. "भ्या वाटतंय तिला. मला बी वाटलतं. मालक गेल्यावर माजं मन थाऱ्यावर न्हवतं. जेवान न्हाय, झोप न्हाय, मागाला हात लावायचं बी भ्या वाटायचं. मी निपानीला गेलोच न्हवतो. धारवाडला मनाच्या डॉक्टरकडं हुतो. त्येनं बरं केलं मला. आनि ह्यो गुडगा," तिने डाव्या गुडघ्यावर थाप मारली, "कंदी दुकला न्हाय. आनि ह्यो बी न्हाय!" तिने उजव्यावर मारली.

सुमनवहिनी तांब्या सावरत पुढे झाल्या.

"आनि मी येवडी वर्सं निर्गुडीचं तेल काडून देतोय, ते?"

"डोस्क्याला लावलं," आक्का म्हणाली. "केस चांगलं ऱ्हायलं."

आधी परशूभाऊ हसले. मग गिरणीवाले हसले, मग सुमनवहिनी इतक्या हसल्या की तांब्यातलं अर्धं कोकम उंबऱ्यावर सांडलं. मीही हसले, आणि हसता हसता रडले. मालक गेल्यापासून त्या बाईने जिवापाड सांभाळलेलं गुपित होतं ते. त्यासाठी ती इतकी वर्षं खोटं लंगडत आली होती. आणि मी एकटी पडू नये एवढ्यासाठी तिने ते भर दुपारी गल्लीत टाकून दिलं होतं. माझ्यावर पुष्कळांनी माया केली, पण असं कुणी केलेलं मला आठवत नाही.

थोड्या वेळाने करंट आला, माग सुरू झाले, तरी माणसं आत जाईनात. परशूभाऊ माझ्याजवळ आले आणि कानाशी ओरडून म्हणाले, "टीचर, कोगनोळीच्या नाक्याला गाड्यांच्या रांगेत अडकलो की मला असाच घाम फुटतोय बगा. पुढं बी जाता येत न्हाय, मागं बी. डॉक्टर कुठला म्हनायचा तुमचा?" मी पत्ता सांगितला. सुमनवहिनींनी उरलेलं कोकम माझ्या हातात दिलं. "पित्त न्हाय तर न्हाय," त्या म्हणाल्या, "उनाळा तर हाय." आक्का मात्र पुढेही कधीकधी सवयीने पाय ओढी. मग कुणीतरी "आक्का, कुठला?" असं ओरडे, आणि ती चार शिव्या हासडून ताठ चालू लागे.

पुढे मागांचे दिवस फिरले. काम मिळेनासं झालं. आक्काने माग विकले आणि ती इचलकरंजीला लेकीकडे गेली. माझी बदली निपाणीकडच्या एका शाळेत झाली, तिथून इचलकरंजी जवळ, त्यामुळे आमचं जाणं-येणं चालू राहिलं. लेकीचं घर नव्या वसाहतीत होतं, शांत. तिथे आक्काला करमायचं नाही. मी गेले की ती मला रस्त्यावर नेई आणि गाड्यांच्या आवाजात मनातलं सांगे. गेल्या वर्षी ती झोपेतच गेली. लेकीचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. मी वर्गाला सांगितलं की माझं फार जवळचं माणूस गेलं आहे, आणि पोरांसमोर बसून रडले.

हे मला करता आलं ते एका दिवसामुळे. तो सांगितल्याशिवाय आक्का सांगून झाली असं मला वाटणार नाही.

रजा संपल्यानंतरचा तो पहिला दिवस. मी सकाळी साडी नेसून खाली आले तर माग बंद. दसरा आणि गल्लीतलं मयत सोडलं तर आक्का माग बंद ठेवत नसे. अंगात ताप असला तरी नाही. ती स्वतः विणलेली हिरवी साडी नेसून, पाण्याची बाटली आणि लिंबू पिशवीत घालून तयार उभी होती. "चल," ती म्हणाली. मी नको नको म्हटलं, पण मनातून मला बरं वाटलं होतं. शाळेत एचएम मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, विचारलं, "ह्या कोण?" माझ्या आधी आक्काच म्हणाली, "शाळा बगाय आलोय. नाव घालायचं हाय."

"कुणाचं?"

"आदी शाळा तर बगू दे."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, आणि काय समजायचं ते त्या समजल्या. सातवीच्या वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर, खिडकीलगत, आक्काची बसायची सोय झाली.

मी चुंबक शिकवायला घेतलं. सुरुवात बरी झाली. मग चुंबकाची टोकं दाखवायला हात वर केला आणि तो कापताना मला दिसला. झालं. छाती धडधडू लागली, घसा आवळला, पोरांचे चेहरे लांब जाऊ लागले. मी आधारासाठी खिडकीतून बाहेर बघितलं.

आक्का झोपली होती. भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून, पिशवी पोटाशी धरून गाढ झोपली होती आणि घोरत होती. ज्या आवाजात ती बोलायची त्याच आवाजात घोरत होती. पोरं आधी माझ्याकडे बघत होती, मग खिडकीकडे बघू लागली, मग एकेकाला हसू फुटलं. माझी सगळी भिस्त जिच्यावर होती ती घोरतेय हे बघून मलाही हसू आलं. भीती गेली नव्हती, पण तिला थोडं बाजूला सरकावं लागलं. मी खुर्चीत बसले.

"मुलांनो," मी म्हटलं, "मला आत्ता फार भीती वाटतेय. कारण काही नाही, तरी वाटतेय. मागच्या वेळी याच भीतीने मी वर्ग सोडून गेले होते. आज जाणार नाही. जरा थांबू या."

बाहेरचं घोरणं तेवढं ऐकू येत होतं. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, मला फळ्यावर गणित कराय बोलावलं की असंच हुतंय." मागून कुणीतरी म्हणालं, "मला बी." मग आणखी कुणीतरी. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं ती भीती आली होती तशी गेली. मी उठले आणि चुंबकाचा धडा पुरा केला. आक्का शेवटच्या घंटेला दचकून जागी झाली.

घरी परतताना ती खुशीत होती. "बगितलंस? मी नुसतं बसलो तरी तुजं भ्या पळालं."

"आक्का, तुम्ही ऐकलंत का मी शिकवलेलं?"

"सगळं. डोळं मिटून ऐकत हुतो."

"मग काय शिकवलं सांगा बघू."

"मला कळाय मी काय सातवीत हाय?" ती म्हणाली, आणि गल्लीत शिरल्या शिरल्या सुमनवहिनींना हाक मारून आपण टीचरला वर्गात कसं उभं केलं ते सांगू लागली. सगळी गल्ली कौतुकाने ऐकत होती. शेवटी तिने माझ्याकडे वळून विचारलं, "व्हय का न्हाय गं?"

"व्हय आक्का," मी म्हटलं, "तुमच्यामुळंच."

ती झोपली होती हे मी तिला कधी सांगितलं नाही. त्या वेळी मी तिचं मन राखायला हो म्हटलं, असं मला वाटलं होतं. पुढे कळलं की ते खरंच होतं. वर्गात उभी राहीपर्यंत त्या दिवशी माझी काळजी सगळ्यांना होती. मला होती, मॅडमना होती, गल्लीला होती. एकट्या आक्काला नव्हती. मला जमणारच याची तिला इतकी खात्री होती की ती खुशाल झोपून गेली.